शाळेचा धागा कोणी धरायचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बल्लारपूरचा पेपर मिलचा कामगार. पंडित नाही. पाळीची ड्युटी करून जे वाचले, जे डोळ्यांनी पाहिले, तेवढ्यावरच बोलतो. आज एकच प्रश्न घेऊन आलो आहे. शाळेला कुलूप लागते, तेव्हा शाळेचा आणि घराचा धागा कोणी धरायचा?

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मोठ्या मुलांचे वर्ग मधून मधून उघडले, पुन्हा बंद झाले. पण खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला शासनाने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. हिशेब करा, बंधूंनो. वीस महिने होतात. जे लेकरू पहिलीत असताना घरी गेले, ते परत आले तेव्हा तिसरीत होते. इयत्ता पुढे गेली, बाराखडी मागेच राहिली.

शासनाने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असे म्हणत मोबाईलवर अभ्यास पाठवला. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. पण मला सांगा, ज्या घरात एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात आणि बाप दिवसभर कामावर, त्या घरातल्या पोराने अभ्यास कशावर करायचा? भामरागड, एटापल्लीकडच्या कितीतरी गावांत रेंजचाच पत्ता नाही. जिथे रेंज आहे, तिथे रिचार्जला पैसे नाहीत. मोबाईल पोचला तो ज्याचे बरे चालले होते त्याच्याकडे. ज्याला शाळेची जास्त गरज, त्याच्याकडेच तो पोचला नाही.

मग पोचले काय? ऐका.

पहिला पोचला रेडिओ. नागपूर आकाशवाणीवरून आपल्या विभागातल्या मुलांसाठी 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम 'प्रथम' संस्थेच्या मदतीने सुरू झाला. रेडिओला रिचार्ज लागत नाही आणि एका रेडिओभोवती दहा पोरं बसू शकतात.

दुसरा पोचला तांदूळ. १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन राज्यांना विचारले, की शाळा बंद आहेत तर मुलांच्या दुपारच्या जेवणाचे काय? पुढे शाळेतून पालकांना कोरडे धान्य वाटले गेले. पाचवीपर्यंतच्या मुलाचा हक्क दिवसाला १०० ग्रॅम तांदळाचा, त्याच्या वरच्याचा १५० ग्रॅमचा. पण तांदूळ नेण्याच्या निमित्ताने माय शाळेत येत होती. हुशार मास्तराने त्या दिवशी तांदूळ तर दिलाच, सोबत अभ्यासाचा कागदही दिला आणि मागच्या वेळचा कागद तपासून घेतला. मायने विचारले, "गुरुजी, शाळा कदी उघडते जी?" त्या एका प्रश्नातून घर आणि शाळा जोडलेली राहिली.

तिसरे पोचले मास्तराचे पाय. आश्रमशाळेची मुले वसतिगृहातून आपापल्या गावी गेली होती. त्यांच्यासाठी आदिवासी विकास विभागाने 'अनलॉक लर्निंग' हा उपक्रम काढला. शिक्षक पुस्तके घेऊन मुलांच्या गावी जाऊ लागले. नाला ओलांडून, चिखल तुडवून, झाडाखाली चार-चार पोरं अंतरावर बसवून शिकवणारे शिक्षक आपल्या जिल्ह्यातही होते. त्यांना माझा जयभीम.

आपल्या जिल्ह्याबाहेरही पहा. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावात लाऊडस्पीकरवरून पाठ ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगरात, जिथे बहुतेक कामगारांचीच वस्ती आहे, तिथे शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पोरगं पाणी भरायला निघालं तरी पाढा समोर दिसायचा. एकाने भोंगा घेतला, दुसऱ्याने ब्रश घेतला. पण दोघांनी एकच गोष्ट ओळखली. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे.

ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना काय सांगितले? बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी चारिका करा आणि दोघे एका वाटेने जाऊ नका. म्हणजे जास्तीत जास्त दारांपर्यंत पोचा. भिक्खू पिंडपाताला दारोदार जातो, तेव्हा कोणाच्या घरी चूल पेटली आणि कोणाच्या घरी दुखणे आहे, हे त्याला कळते. दारोदार जाणारा मास्तर चारिकाच करत होता, असे मी मानतो.

आता आपल्याकडे वळतो. तेव्हा विहारांनाही कुलूप होते. १६ नोव्हेंबर २०२० ला प्रार्थनास्थळे उघडली, पुढे दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली. आमच्या वस्तीत विहाराचे दार बंद होते, पण अंगण बंद नव्हते. बारावी झालेल्या दोन पोरींनी पिंपळाखाली लहान मुले बसवली. आम्ही कामगारांनी वर्गणी काढून झेरॉक्सचे पैसे दिले. वर्षानुवर्षे तुमच्या जंगलातला बांबू आमच्याकडे येतो आणि त्याचा कागद होतो. तो कागद शहराच्या ऑफिसात जातो. त्यातले चार ताव आपल्या लेकरांच्या हाती गेले, तर बिघडले कुठे? मोबाईल बंद पडतो, कागद बंद पडत नाही.

हे मी कौतुकासाठी सांगत नाही. धागा तुटला तर काय होते, ते सांगतो. एप्रिल २०२० मध्ये आपल्या शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची मुलगी तेलंगणात मिरचीच्या तोडीला गेली होती. टाळेबंदीत ती तीन दिवस पायी चालत निघाली आणि घराजवळ येऊन मेली. बारा वर्षांची पोर, भगिनींनो! तिच्या वयाची मुलगी वर्गात असायला हवी होती. आपल्याही गावांतून मिरचीला माणसे जातात. सोबत गेलेले पोर कोणाच्या वहीत लिहिलेले असते? शाळेच्या हजेरीत फक्त गैरहजर. गैरहजर म्हणजे कुठे, कोणासोबत, कधी परतणार, हे लिहिणारे कोणीतरी पाहिजे.

साथ गेली म्हणून प्रश्न गेला नाही. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क किती वेळा तुटला, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. वाडीवरची शाळा दूर गेली, तर धागा रोजच ताणला जाणार.

म्हणून या वर्धापनदिनी विहार समितीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, विहारात एक वही ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचे नाव, वर्ग, घरच्या माणसाचे नाव आणि हंगामात ते कुठे जाते, हे त्यात लिहा. दोन, दर दहा घरांमागे एक शिकलेली मुलगी किंवा मुलगा नेमा. शाळा आठ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली, की त्याने मास्तराकडून अभ्यास आणून घरोघरी द्यायचा. तीन, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या ठेवल्या आहेत. ती खुर्ची आपली आहे. सही करून चहा पिऊन उठण्यासाठी ती दिलेली नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला येऊन धम्मदीक्षा दिली. तेव्हा हा गडचिरोलीचा मुलूखही चांदा जिल्ह्यातच होता. आपल्या बापजाद्यांनी त्या दिवशी जे घेतले, त्यात पोरांना शिकवण्याची जबाबदारीही होती. ती जबाबदारी नुसती शाळेच्या इमारतीवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. इमारत बंद होऊ शकते. माणसे बंद होता कामा नयेत.

वही आजच उघडा. पहिली पानभर नावे लिहून झाल्यावरच आपण खीर घेऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!