शेकोटीचे सरपण : निवड व सिद्धता
(भिवंडी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



१९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले. तेव्हापासून शेकोटी हे बालवीर शिक्षणाचे एक अंग झाले आहे. गीते व नकला आपण हौसेने बसवितो. सरपण मात्र ऐन वेळी गोळा करतो. त्याचे फळ मी स्वतः पाहिले आहे. नवखा शिक्षक असताना ओलसर लाकडे पेटेनात, म्हणून धुमसत्या ढिगावर मी रॉकेल ओतले. भडका उडाला आणि एका विद्यार्थ्याचा हात भाजला. तो बरा झाला. माझी चुटपुट अद्याप गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी, घरी रोज मोळी आणणारा वर्गातील एक आदिवासी मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, मोडून बघायचं. वाळलेलं कडकन मोडतं, ओलं नुसतं वाकतं." तोच माझा पहिला पाठ.

ओल्या लाकडाची उष्णता आतील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते, म्हणून ते धुमसते. भुईवर पडलेले लाकूड ओल धरते. यास्तव फांद्यांत अडकून वाळलेल्या काटक्या घ्याव्यात. जिवंत फांदी तोडू नये. बाहेरून दमट असलेला ओंडका चिरल्यास आतील गाभा बहुधा कोरडा निघतो.

सरपणाचे चार वाटे करावेत : भाताचा पेंढा वा नारळाचे सोडण, पेन्सिलीएवढ्या काटक्या, अंगठ्याएवढी ढलपी, आणि मनगटाएवढी लाकडे. याच क्रमाने, हवा खेळेल अशा बेताने ती रचावीत. पांगारा, सावर लवकर पेटतात व लवकर विझतात. धावडा, ऐन, बाभूळ उशिरा पेटतात, परंतु निखारा टिकवितात. कण्हेर व बिब्बा यांचे लाकूड मुळीच घेऊ नये; त्यांचा धूर अपायकारक असतो. आपल्या यंत्रमागांच्या गावी सुताचा कचरा सहज मिळतो. पण त्यातील कृत्रिम धागा वितळून कातडीस चिकटतो. तो वर्ज्य समजावा.

जागा झाडून घ्यावी, पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात. राखीव वनात परवानगीवाचून विस्तव करणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये गुन्हा आहे, याचे स्मरण असावे.

शेवटी एकच विनंती. सरपण निवडण्याचा पाठ घ्याल, त्या दिवशी मोळी वाहणाऱ्या मुलाला पुढे बोलवा. त्या तासापुरते आपण विद्यार्थी व्हावे. मी झालो, पण एक हात भाजल्यानंतर.