डायऱ्याला बसणारा मराठी माणूस

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या मंडळात संगीतावर बोलायचे म्हणजे नाट्यसंगीत, भावगीत, फार तर फैयाज खाँसाहेबांच्या आठवणी. ते योग्यच आहे. 1886 साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली गायनशाळा निघाली ते हे शहर. पण मी आज ज्या गाण्याबद्दल बोलणार आहे ते आपल्या आजूबाजूला सगळा हिवाळा चालते, हजारो माणसे ऐकतात, आणि आपल्यापैकी फार थोडी तिथे दिसतात. मी डायऱ्याचा रसिक आहे. वीस-बावीस वर्षे झाली. आमच्या घरी याला व्यसन म्हणतात.

डायरो म्हणजे सौराष्ट्राची रात्रीची बैठक. पूर्वी दरबाराच्या डेलीत माणसे गोलाकार बसायची, कसुंबा फिरायचा आणि चारण किंवा बारोट शूरांच्या, दात्यांच्या, सतींच्या गोष्टी सांगायचे. मधे दुहा, मधे छंद, मधे भजन. आता डेलीच्या जागी मंडप आला, कसुंब्याच्या जागी चहा आला. बाकी गाभा तोच. झवेरचंद मेघाणींनी गावोगाव फिरून ह्या गोष्टी आणि गाणी गोळा केली, 'सौराष्ट्रनी रसधार'चे पाच भाग काढले, म्हणून बरेच काही हाती राहिले. पुढे दुला भाया काग, राजकोट आकाशवाणीचे हेमू गढवी, जुनागढच्या दिवाळीबेन भील. दिवाळीबेनना 1990 साली पद्मश्री मिळाली. आजच्या मुलांना विचाराल तर ती कीर्तिदान गढवी आणि उस्मान मीर ही नावे सांगतील. कीर्तिदानभाई तर आपल्या सयाजी विद्यापीठातच संगीत शिकले.

मी तिथे पोहोचलो तो नोकरीमुळे. डिप्लोमा सिव्हिल करून सरकारी खात्यात लागलो. आमच्या हुद्द्याला कागदावर लांबलचक नाव आहे, लोक अजून ओव्हरसियरच म्हणतात. पहिली नेमणूक अमरेली जिल्ह्यात. संध्याकाळी सहानंतर करायचे काय हा प्रश्न. आमचे जीपचालक जातीने चारण. एका शनिवारी म्हणाले, "साहेब, रूमवर पडून काय करणार, चला." एका गावात गोशाळेसाठी डायरो होता. थंडी कडाक्याची. खाली ताडपत्री, वर गोधडी, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर केलेला मंच.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की सुरुवात गणपतीने होते. आपल्या तमाशात गण, नाटकात नांदी, तसे इथे गणपतीचे भजन. मग गुरुमहिमा, मग रात्र चढेल तशा गोष्टी आणि छंद. संतवाणीची बैठक असेल तर उत्तररात्री आराध आणि झुंजुमुंजू व्हायला प्रभातिया. म्हणजे घड्याळ न बघता, काय गातायत त्यावरून किती वाजले ते कळते. तानपुऱ्याच्या जागी रामसागर, हाताशी मंजिरा, आणि मंजिरा वाजवणारा चांगला असेल तर मी गायकाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे होंकारो. गोष्ट सांगणारा वाक्य टाकतो आणि थांबतो. समोरून कुणीतरी "हां" म्हणायचे, "भले बाप" म्हणायचे. आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना "हूं म्हण, नाहीतर सांगणार नाही" म्हणायची ना, तेच. फरक एवढाच की इथे दोन हजार माणसे हूं म्हणतात. होंकारो ढिला पडला की सांगणारा गोष्ट आवरती घेतो. जोरात आला की वीस मिनिटांची गोष्ट तास भर चालते. मोबाईलवर ऐकताना मला हेच खटकते. आवाज स्वच्छ येतो, पण आपले "हां" पोचत नाही.

माझा आतेभाऊ अमेरिकेत जॉर्जिया राज्यात असतो. तिथल्या कंट्री आणि सदर्न रॉकच्या कार्यक्रमांना तो हौसेने जातो आणि मला व्हिडिओ पाठवतो. मैदानात घडीच्या खुर्च्या, डोक्यावर हॅट, पायात बूट, आणि गाणी कशाची, तर शेताची, दारूची, आईची, गाव सुटल्याची. मी त्याला म्हटले, अरे, तू डायऱ्यालाच जातोयस! त्याच राज्यात मेकन नावाचे गाव आहे, ऑलमन ब्रदर्स बँड तिथला. त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका 1971 ची, तीही न्यूयॉर्कच्या एका थिएटरातल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाची. एकच गाणे वीस मिनिटांच्या वर चालते. लिनर्ड स्किनर्डच्या 'फ्री बर्ड'ची तर म्हणे कुठल्याही कार्यक्रमात, कुणीही गात असो, मागून आरोळी येतेच. आमच्याकडे ती आरोळी मेघाणींच्या 'चारण कन्या'ची. चौदा वर्षांची पोर काठी घेऊन सिंहामागे धावते, तो छंद. पोवाड्यात अफजलखान प्रकरण आले की आपण जसे सरसावून बसतो तसे लोक बसतात, आणि म्हातारे उठून उभे राहतात.

भाऊ एकदा म्हणाला, आमच्याकडे बँजो असतो. मी म्हटले, आमच्याकडेही असतो! मग कळले की नाव एक, वाद्ये दोन. त्यांचा तो चामडे ताणलेला, बोटांनी छेडायचा. आपला बेंजो म्हणजे तारांवर टाईपरायटरसारखी बटणे. ते मूळ जपानी वाद्य, 1912 च्या सुमारास नागोया शहरात तयार झालेले. तिकडून आले ते इकडे डायऱ्यात बसले आणि मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत शिरले. विसर्जनाला ज्या बेंजोवर आपण नाचतो तोच माझ्या डायऱ्यात दुहा धरतो. फक्त लाऊडस्पीकरवाल्याला आवर घालायला हवा. हल्ली ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड इतके चढवतात की छंदातले शब्द बुडतात, आणि छंदातले शब्द बुडाले तर उरले काय?

आता नोटांबद्दल. तुम्ही सगळ्यांनी ते व्हिडिओ पाहिलेत. दहा-दहाच्या नोटांची बंडले सोडून गायकावर उधळायची. तिथे ह्याला 'घोर' म्हणतात, आपल्याकडे फडावर दौलतजादा. मला ते बघायला आवडत नाही. पाचशेची गड्डी फोडून दहाच्या नोटा आणणारा माणूस गाणे ऐकायला आलेला नसतो, दिसायला आलेला असतो. पण पहाटे चार वाजता दोन पोरे पोत्यात त्या नोटा भरत होती आणि गोशाळेचे म्हातारे ट्रस्टी कंदिलासारखे हसत होते, तेही मी पाहिले आहे. त्या गुरांचा उन्हाळ्याचा चारा त्या पोत्यात होता. तेव्हा मी तोंड बंद ठेवतो.

पण आज मुद्दाम सांगायची गोष्ट वेगळी आहे. एका रात्री कथाकाराने ओखामंडळाची कथा काढली. जोधा माणेक आणि मुळू माणेक, वाघेर वीर. मेघाणींच्या 'सोरठी बहारवटिया'त ती आहे. ओखामंडळ कोणाचे? बडोदे सरकारचे. 1859 साली वाघेरांनी द्वारका आणि बेट ताब्यात घेतले ते गायकवाडांच्या अमलातून. गोष्टीत नायक ते, आणि समोरचे सरकार आपले. जीपचालकाने हळूच माझ्याकडे पाहिले. गाव लहान, मी कुठला हे सगळ्यांना ठाऊक. वाक्य संपले, कथाकार थांबला, आणि आमच्या ताडपत्रीवर शांतता. माझ्यासाठी सगळे थांबले होते, असे मला वाटले.

मी "हां" म्हणालो. मोठ्याने. का म्हणालो? कारण कथेतला माणूस आपल्या मुलुखासाठी मरायला निघाला होता, आणि अशा माणसाला होंकारो द्यायला मला पोवाड्यांनीच शिकवले आहे. गादीवर तेव्हा खंडेराव महाराज होते, आणि मी काही त्यांचा वकील म्हणून तिथे बसलो नव्हतो. कथा पुढे तासभर चालली, 1868 साली मुळू माणेक पडतो तिथपर्यंत. लोक डोळे पुसत होते, मीही.

चहाच्या वेळी एक आजोबा काठी टेकत आले. म्हणाले, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. माझे वडील गायकवाडी शाळेत शिकले. पोराला शाळेत नाही धाडले तर दंड व्हायचा." सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली तालुक्यातच सुरू केले, 1906 मध्ये सर्व राज्यात. ते मी शाळेत पाठ केले होते. पण दंडाच्या धाकाने शाळेत गेलेल्या मुलाचा मुलगा माझ्यासमोर बशीत चहा ओतत होता, आणि पहिली बशी त्याने माझ्यापुढे केली. मग त्यांनी विचारले, शिवाजी महाराजांवर तुमच्यात कसे गातात? मी जमेल तसा पोवाड्याचा एक तुकडा म्हटला. माझा आवाज तुम्हाला गणपतीच्या आरतीत ठाऊक आहेच. तरी त्या माणसांनी प्रत्येक ओळीला होंकारो दिला.

आपली घराणी इथे आठ-आठ, दहा-दहा पिढ्या आहेत. गरबा आपण खेळतो, उंधियू आपल्या स्वयंपाकघरात होते, हिशेब गुजरातीत करतो. डायऱ्याला मात्र आपण बसत नाही, आणि तिथे आपल्याच बडोद्याच्या गोष्टी आपल्यामागे सांगितल्या जातात. काही कडू, काही गोड.

महाशिवरात्रीला जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी भवनाथचा मेळा असतो. रात्री उताऱ्या-उताऱ्यावर संतवाणी, अन्नक्षेत्रात जेवण, शेवटी नागा साधूंची रवेडी आणि मृगीकुंडातले स्नान. मी दरवर्षी जातो. माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या असतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी जाताना नाव सांगून ठेवावे. बसायला जाड सतरंजी आणि अंगावर शाल आणावी, तिथे पहाटे तीननंतर फार गारठा पडतो. आणि झोपाळू माणसाने मागे बसू नये, पुढेच बसावे; गाणारा नजर ठेवून असतो.