द्वेषवाणी, कायदा आणि भाषासमिती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी द्वेषाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या धर्माने वाणीला व्रताचा विषय केले, त्या धर्माच्या अनुयायांनी या प्रश्नाचा विचार करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा? वंशाच्या, वर्णाच्या वा धर्माच्या नावाने एखाद्या समूहाविषयी विष ओकणाऱ्याला कायद्याने रोखावे की रोखू नये, या एका प्रश्नावर जगातील सुबुद्ध लोकशाही राष्ट्रे आज परस्परविरुद्ध दिशांना उभी आहेत. दोन्ही बाजूंना सज्जन आहेत, विद्वान आहेत, स्वतः अन्याय सोसलेलेही आहेत. म्हणूनच हा वाद समजून घेण्यासारखा आहे.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील स्कोकी या गावाचे होय. शिकागो शहराला लागून असलेल्या या उपनगराची लोकसंख्या १९७७ साली सुमारे ७० हजार होती आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक रहिवासी ज्यू होते. त्यांतील हजारो जण हिटलरच्या छळातून जिवंत सुटलेले होते. कोणाचे आईवडील, कोणाची मुले, कोणाचे सारे गाव त्या ज्वालेत भस्म झाले होते. काहींच्या हातावर छळछावणीत गोंदलेला क्रमांक अद्याप तसाच होता.

अशा गावात फ्रँक कॉलिन नावाच्या माणसाने आपल्या चिमूटभर नाझी संघटनेसह गणवेश घालून, हिटलरचे चिन्ह मिरवीत निदर्शने करण्याचे जाहीर केले. प्रारंभी गावच्या कारभाऱ्यांचा विचार असा होता की त्यांना येऊ द्यावे, लोकांनी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, कोणी लक्ष दिले नाही म्हणजे ते आपोआप निघून जातील. व्यवहारी माणसाला हा सल्ला पटण्यासारखा होता. पण छळछावणीतून वाचलेल्यांनी तो मानला नाही. जर्मनीतही प्रथम असेच दुर्लक्ष केले होते, हे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा २ मे १९७७ रोजी गावाने तीन नियम केले. मिरवणुकीसाठी साडेतीन लाख डॉलरचा विमा आवश्यक ठरविला, वंश वा धर्मावरून द्वेष पसरविणाऱ्या साहित्याच्या वाटपास बंदी केली आणि लष्करी थाटाच्या गणवेशातील राजकीय निदर्शनांस मनाई केली.

कॉलिन न्यायालयात गेला. त्याची बाजू मांडली ती नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने, आणि खटला चालविणारे वकील डेव्हिड गोल्डबर्गर हे स्वतः ज्यू होते. संस्थेचे तत्कालीन कार्यकारी संचालक आर्ये नायर यांचा जन्म बर्लिनमधील ज्यू कुटुंबात झाला होता आणि बालवयातच त्यांना तो देश सोडून पळावे लागले होते. ज्यांनी आपले कुळ उद्ध्वस्त केले त्यांच्या अनुयायांच्या बोलण्याच्या हक्कासाठी हा मनुष्य उभा राहिला. संस्थेचे हजारो सभासद राजीनामे देऊन निघून गेले, वर्गण्या थांबल्या, तरी संस्थेने खटला सोडला नाही. नायर यांनी १९७९ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच शत्रूचा बचाव अशा अर्थाचे आहे. त्यांच्या भूमिकेचे सार असे की, दुर्बलांचे रक्षण अखेर स्वातंत्र्यानेच होते; आज सत्तेच्या हाती शत्रूचे तोंड बंद करण्याचे अस्त्र दिले, तर उद्या तेच अस्त्र अल्पसंख्याकांवर चालेल.

जून १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, बंदी कायम ठेवायची तर तिची तातडीने न्यायालयीन तपासणी झालीच पाहिजे. पुढे १९७८ साली संघीय न्यायालयांनी गावाचे तीनही नियम रद्द केले. शेवटी प्रत्यक्ष मिरवणूक मात्र स्कोकीत निघालीच नाही. शिकागोतील उद्यानात निदर्शने करण्याची मुभा मिळताच कॉलिनने स्कोकीचा बेत सोडला.

यातून धडा कोणता घ्यावयाचा, यावर एकमत नाही. एक पक्ष म्हणतो, पाहा, स्वातंत्र्य टिकले आणि आकाशही कोसळले नाही. दुसरा पक्ष विचारतो, ज्या वृद्धेला वर्षभर रोज ती मिरवणूक डोळ्यांपुढे दिसत होती, तिच्या वेदनेचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावयाचा? खतावणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की एका खात्यावर जमा दिसणारी रक्कम दुसऱ्या कोणाच्या नावे पडलेली असते. स्वातंत्र्याची किंमत समाज देतो असे आपण म्हणतो, पण ती सर्वांवर सारखी पडत नाही. बहुधा ती आधीच सोसलेल्यांच्या नावे पडते.

आता दुसऱ्या बाजूची राष्ट्रे पाहू. जर्मनीत १९५९ च्या अखेरीस कोलोन शहरातील ज्यू प्रार्थनामंदिरावर नाझी चिन्हे रंगविली गेली आणि त्यानंतर तसल्या घटनांची साथच आली. तेव्हा १९६० साली तेथील दंडसंहितेतील कलम १३० नव्याने घडविण्यात आले आणि जनसमूहाविरुद्ध द्वेष भडकविणे व त्याची मानवी प्रतिष्ठा पायदळी तुडविणे हा गुन्हा ठरला. ज्या राष्ट्राने शब्दांपासून सुरू झालेला प्रवास भट्ट्यांपर्यंत पोहोचलेला पाहिला, त्याने शब्दांपाशीच पहारा बसवावा हे समजण्यासारखे आहे. ज्यूंविरुद्ध विखारी साप्ताहिक चालविणाऱ्या ज्युलियस स्ट्राइखरला न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९४६ साली फाशी झाली. त्याने स्वहस्ते कोणाचा वध केल्याचा आरोप नव्हता; त्याचा अपराध वाणीचा आणि लेखणीचा होता. रुवांडात १९९४ साली नभोवाणीवरून तुत्सी लोकांना झुरळे म्हटले जात होते, आणि सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. त्या प्रचाराच्या सूत्रधारांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली दोषी ठरविले. माणसाला प्रथम भाषेत किडा केले जाते, मग त्याला चिरडताना हात कापत नाही.

परंतु येथेच एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. स्ट्राइखरवर हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीही खटले झाले होते, त्याला तुरुंगवासही घडला होता. कायदा होता, शिक्षा होती, तरी सर्वनाश टळला नाही. स्वातंत्र्यवादी याचा अर्थ लावतात की असे कायदे निरुपयोगी. कायदावादी म्हणतात की ते फार ढिलेपणाने राबविले गेले. कोणताही अर्थ घेतला तरी एवढे निश्चित की, समाजाचे मन सडले असता एकटा कायदा त्याला वाचवू शकत नाही.

इंग्लंडचा अनुभव आणखी वेगळा आहे. तेथे १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने वांशिक द्वेष भडकविणे हा गुन्हा ठरला. भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज येथून गेलेल्या लोकांना संरक्षण मिळावे हा हेतू. त्या कायद्याखाली १९६७ साली गोऱ्या नाझी पुढाऱ्याला शिक्षा झाली हे खरे. पण त्याच वर्षी मायकेल एक्स या कृष्णवर्णीय नेत्यालाही गोऱ्यांविरुद्ध केलेल्या भाषणाबद्दल एक वर्षाचा तुरुंगवास झाला. यात अन्याय झाला असे काही म्हणतात, तर कायदा सर्वांना समान असावा हेच यातून सिद्ध झाले असे इतर म्हणतात. पुढे धार्मिक द्वेषाचा कायदा आणण्याचे ठरले, तेव्हा विनोदी नट रोवन अ‍ॅटकिन्सन यांच्यासारख्या कलावंतांनी त्यास कडाडून विरोध केला. धर्मावर टीका वा विनोद करणे आणि धर्मीयांना धमकावणे यांत भेद राहिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अखेर २००६ च्या कायद्यात टीका, उपहास आणि धर्मप्रसार यांना स्पष्ट अभय देण्यात आले. तेथील पार्लमेंटात शासनाचा मूळ आग्रह केवळ एका मताने पराभूत झाला. एवढ्या बारीक तुलेवर हा प्रश्न तोलला गेला.

आपल्या देशातही हा प्रश्न जुनाच आहे. समूहांत वैर वाढविण्याविरुद्धचे कलम १८९८ साली ब्रिटिशांनी आणले आणि हेतुपुरस्सर धर्मभावना दुखावण्याविरुद्धचे कलम १९२७ साली आले. १ जुलै २०२४ पासून ही कलमे नव्या भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ या क्रमांकांनी नांदत आहेत. त्यांचा अर्थ लावताना न्यायालयांनी धरलेला एक मापदंड याच मातीतून आला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. लिखाणाचा परिणाम भेदरट, डळमळीत वा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या मनाच्या मोजपट्टीने पाहू नये, तर समंजस आणि खंबीर माणसाच्या मोजपट्टीने पाहावा, असा विचार नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मांडला. १९८८ साली ‘तमस’ या दूरदर्शन मालिकेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा त्याच मोजपट्टीचा आधार घेण्यात आला.

आता जैन दृष्टीने या वादाकडे कसे पाहावे? पुष्कळदा असे ऐकू येते की अनेकांत म्हणजे सर्वांचेच बरोबर. तसे नव्हे. अनेकांत सांगतो की प्रत्येक नय हा वस्तूचा एक अंश पाहतो, आणि दुसऱ्या अंशाचा निषेध करू लागला की तोच दुर्नय होतो. सत्तेच्या भयाने बोलणाऱ्याचे रक्षण करू पाहणारा अमेरिकेचा नय आहे. द्वेषाच्या भयाने ऐकणाऱ्याचे रक्षण करू पाहणारा जर्मनीचा नय आहे. दोन्ही आपापल्या इतिहासाच्या अपेक्षेने सत्य आहेत. वंशद्वेष मात्र नय नव्हेच. तो दुसऱ्याचे अस्तित्वच नाकारतो, म्हणून तो शुद्ध एकांत आहे. त्याच्या बाजूला अनेकांताचा आधार कधीही मिळणार नाही.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत. त्यांत कुळाचा मद आहे, जातीचा मद आहे, आणि वपूचा, म्हणजे शरीराचाही मद आहे. कातडीच्या रंगाचा अभिमान हा आधुनिक युगाचा शोध नव्हे. आपल्या आचार्यांनी तो सम्यक्त्वाचा दोष म्हणून शतकांपूर्वी नोंदविला. उत्तराध्ययनातील हरिकेशबल मुनी चांडाळ कुळात जन्मले होते, आणि यज्ञमंडपात त्यांचा रूपावरून व कुळावरून अपमान झाला. शास्त्राने मोठेपण दिले ते मुनींना, त्यांना हिणविणाऱ्यांना नव्हे. तसेच, अठरा पापस्थानके मोजली तर मृषावाद, कलह, अभ्याख्यान, पैशुन्य, परपरिवाद आणि मायामृषावाद ही सहा वाणीच्या मार्गाने घडतात. एक तृतीयांश पाप जिभेवर आहे, असे ज्या परंपरेने मोजले, तिला शब्द म्हणजे केवळ वारा असे कधीच वाटले नाही.

स्कोकीपासून जवळच असलेल्या शिकागोत १८९३ साली सर्वधर्मपरिषद भरली होती. तेथे जैन धर्माचे प्रतिनिधित्व वीरचंद राघवजी गांधी यांनी केले. एका पाश्चात्य धर्मोपदेशकाने भारतातील मंदिरांवर आणि तेथील स्त्रियांच्या चारित्र्यावर हीन टीका केली. टीकेचा रोख जैनांवर नव्हता. गप्प बसले असते तरी कोणी दोष दिला नसता. पण वीरचंदजी उभे राहिले, आणि हिंदू बांधवांच्या वतीने उत्तर दिले. समाजातील दोष आणि धर्माची शिकवण यांत गल्लत करू नये, हे त्यांनी युक्तिवादाने दाखविले. शिवीला शिवी दिली नाही, वक्त्याचे तोंड बंद करण्याची मागणी केली नाही, आणि स्वतःवर वार नाही म्हणून स्वस्थही बसले नाहीत. या तीन गोष्टींत आजच्या आचरणाचा आराखडा आहे.

कारण आजचा प्रश्न दूरच्या स्कोकीचा राहिलेला नाही. तो खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. सकाळी सामायिक, पूजा आटोपून जो हात माळ ठेवतो, तोच हात एखाद्या जातीविषयी वा धर्माविषयीचा विखारी संदेश खातरजमा न करता पुढे ढकलतो. तो संदेश आपण लिहिला नाही, केवळ पुढे पाठविला, असे समाधान पुष्कळजण करून घेतात. पण कृत, कारित आणि अनुमोदित या तीनही प्रकारे कर्मबंध होतो, हे पाठशाळेतील बालकही जाणते. आपल्या साधू-साध्वींविषयी कोणी वावगे लिहिले की समाज निवेदन घेऊन निघतो, आणि ते रास्तही असते. पण तीच तत्परता दुसऱ्या समाजाविषयी आपल्याच गटात वावगे आले असता कितींजवळ असते? संप्रदायांच्या आपापसांतील वादांतही जी भाषा कधीकधी वापरली जाते, ती भाषासमितीच्या कसोटीला उतरेल काय?

तात्पर्य असे. हिंसेची चिथावणी आणि माणसाला माणूसपणातून खाली उतरविणारा प्रचार यांना कायद्याने आवर घातलाच पाहिजे. परंतु तो कायदा नेमका, अरुंद आणि सर्वांना समान असावा. अल्पसंख्य समाजाने कठोर कायद्याची मागणी करताना मायकेल एक्सचे स्मरण ठेवावे. आणि जेथे कायद्याची हद्द संपते, तेथून पुढचा विस्तीर्ण प्रदेश श्रावकाच्या व्रताचा आहे.

स्कोकीतील वाचलेल्यांनी पुढे काय केले, हे सांगून हा विषय पुरा करणे उचित होईल. न्यायालयात ते हरले. पण त्यानंतर ज्यांनी वर्षानुवर्षे आपले दुःख पोटच्या मुलांनाही सांगितले नव्हते, ते बोलू लागले. १९८१ साली त्यांनी संस्था स्थापन केली, शाळाशाळांतून जाऊन साक्ष दिली. १९९० साली त्यांच्या राज्याने हा इतिहास शालेय शिक्षणात अनिवार्य केला, आणि २००९ साली त्याच स्कोकी गावात भव्य संग्रहालय उभे राहिले. द्वेषाच्या वाणीला त्यांनी सत्याच्या वाणीने उत्तर दिले. त्यांना तसे करावे लागले, हा त्यांच्यावरील अन्यायच होता; पण त्यांनी ते केले, हा त्यांचा पुरुषार्थ होता.

न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत वास्तू उभ्या राहिल्या, पाठशाळा चालल्या. येत्या संवत्सरीला क्षमापना करताना, ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत पण ज्यांच्याविषयी आपल्या मुखातून वा हातून कटू शब्द गेला, त्या अनोळखी जीवांचीही आठवण व्हावी, आणि मिच्छामि दुक्कडम् हे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचावेत, एवढीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.