विरजणाची वाटी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सूक्ष्म शैवालांचे जिवंत संग्रह हा विषय उत्सवात काढून आपल्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. मात्र बोलावयाचे आहे ते विरजणाविषयीच. १९५५ नंतर पोलाद कारखान्यासाठी भिलाईस आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या घरी रोज चमचाभर दही दुसऱ्या दिवसाकरिता काढून ठेवीत. विसर पडलाच, तर शेजारी वाटी घेऊन जात.

शैवालसंग्रहाची रीतही हीच. उत्तरेकडील थंड पाण्यातून वा बर्फावरून आणलेली एकच पेशी वेगळी करून तिचा शुद्ध वंश वाढवितात. परीक्षानळीत, मंद प्रकाशात, बहुतेक वंश १५ ते २० अंशांवर, तर ध्रुवीय वंश ५ अंशांच्या आसपास ठेवतात. ठराविक काळाने थोडा अंश निर्जंतुक केलेल्या नव्या नळीत घालावा लागतो. काही वंश उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात वर्षानुवर्षे टिकतात. पण सर्वांना ते सोसत नाही. त्यांना माणसाचा हातच लागतो. एक जोड दुसऱ्या ठिकाणी ठेवतात, ती शेजारची वाटी!

प्राग येथे अर्न्स्ट प्रिंग्सहाइम यांनी असा संग्रह उभारला होता. नाझी राजवटीमुळे १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना देश सोडावा लागला, तेव्हा आपले वंश त्यांनी इंग्लंडला नेले. पुढे १९५३ मध्ये ते जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गेले आणि तेथेही संग्रह उभा राहिला. इंग्लंडमधील संग्रह आज स्कॉटलंडातील ओबान येथे आहे. प्रागमध्ये मागे राहिलेले कामही सहकाऱ्यांनी चालू ठेवले. बिऱ्हाड मोडले, पण वंश तीन ठिकाणी रुजला.

डायाटम नावाच्या शैवालाची गोष्ट मात्र विचार करावयास लावते. त्याचे कवच झाकणाच्या डबीसारखे असते. विभाजनात प्रत्येक अर्ध्याला आतले नवे अर्धे मिळते. त्यामुळे पुष्कळ जातींत संततीचा आकार पिढ्यान्‌पिढ्या घटत जातो. बहुधा मीलन झाले, की तो पूर्ववत होतो. न झाल्यास नळीतील वंश खुंटू शकतो.

आपली नातवंडे मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात, ही खंत घरोघरी ऐकू येते. दोष मुलांचा नव्हे. गणेशोत्सव आणि हळदीकुंकू एवढ्यापुरती मराठी आपण नळीत बंद ठेवली, तर ती घटतच जाणार. छत्तीसगढी शेजाऱ्यांशी, नव्या पिढीच्या विषयांशी तिची गाठ पडू द्यावी. ती बाटेल, ही भीती नसावी. पुढील नाटक मुलांनी लिहावे, आपण पडदा ओढावा.

पन्नास वर्षे वाटी आपल्या हाती होती. ती आता त्यांच्या हाती द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.