परदेशी जाणाऱ्या कारागिराची हत्यारपेटी
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि आखाती देशांत बांधकामाला मोठा जोर आला. तेव्हापासून आपल्या कोकणातून सुतार, गवंडी, प्लंबर आणि वायरमन तिकडे जात आहेत. मुलगा निघाला म्हणजे घरात तिकिटाची, व्हिसाची, लोणच्याच्या बरणीचीसुद्धा चर्चा होते. परंतु ज्या हत्यारांवर त्याची भाकरी अवलंबून आहे, त्यांचा विचार कोणी करीत नाही. आज मला त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

पहिली गोष्ट कराराची. हत्यारे कोण देणार, कंपनी की कामगार, हे सही करण्यापूर्वी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. हेल्मेट, बूट आणि पट्टा यांविषयीही तसेच विचारा. पहिला पगार हाती येईपर्यंत उधारीवर हत्यारे घेण्याची पाळी आली, तर कमाईपूर्वीच कर्ज सुरू होते.

दुसरी गोष्ट, काय न्यावे? हाताला सरावलेली आणि वजनाला हलकी अशी हत्यारे न्यावीत: सुताराने पटाशी व लहान रंधा, गवंड्याने थापी व ओळंबा, वायरमनने पक्कड व टेस्टर. ही सर्व हत्यारे विमानात जमा करावयाच्या सामानात ठेवा. हातातल्या पिशवीत असली तर तपासणीत काढून घेतली जातात. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलचे मात्र उलट आहे. तिची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. शंभरपर्यंत सहसा अडचण येत नाही. तरी विमान कंपनीचा नियम आधी विचारून घ्यावा.

विजेवर चालणारे जड यंत्र येथून नेण्यात फारसा अर्थ नाही. दुबई, कुवेत, कतार येथे इंग्लंडच्या पद्धतीचा तीन चपट्या पिनांचा प्लग असतो. त्याच्या पोटात फ्यूज असतो. आपली गोल पिन त्यात बसत नाही. सौदी अरेबियात तर विजेची फ्रिक्वेन्सीच ६० आहे, आपली ५०. त्यामुळे येथला बेंच ग्राइंडर तेथे सुमारे एक पंचमांश जास्त वेगाने फिरतो. चाकावर छापलेली वेगमर्यादा न पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्यापासून धोका आहे.

वायरमन होऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे तीन फेजच्या वायरिंगमध्ये निळी वायर फेजची असते. युरोपीय पद्धतीच्या यंत्रांच्या वायरीत निळी न्यूट्रल असते आणि तपकिरी फेज. म्हणून रंगावर विसंबू नका. आधी टेस्टर लावा, मग हात लावा.

तिसरी गोष्ट दुकानांची. दुबईत देरा भागात हार्डवेअरची दुकाने आहेत आणि २००४ साली सुरू झालेल्या ड्रॅगन मार्टमध्येही बांधकामाचे सामान मिळते. अबुधाबीजवळ मुसफ्फा, कुवेतमध्ये शुवैख हे भाग अशा मालासाठी प्रसिद्ध आहेत. हिंदी-उर्दू समजणारा दुकानदार पुष्कळ ठिकाणी भेटतो. मग अडते कोठे? मापात!

आपला मिस्त्री सूत आणि इंच बोलतो. तेथे नकाशा मिलिमीटरचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. सहा सुती प्लायवुड मागण्याऐवजी १८ मिलिमीटर म्हणावे लागते. आठ बाय चारचा तक्ता तेथे २४४० बाय १२२० होतो. भिंती बहुधा सिमेंटच्या पोकळ ब्लॉकच्या, ४०० बाय २०० मिलिमीटरच्या. प्लंबरने पाइपाचा आटा पाहून घ्यावा. अमेरिकन अर्धा इंची आटा आणि ब्रिटिश अर्धा इंची आटा, दोन्हींत इंचाला १४ फेरे. पण कोन निराळा, एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि मग पाणी गळते.

अरबी आकडेही घरीच शिकून घ्यावेत. तेथला पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि सहा इंग्रजी सातासारखा. उर्दू शिकलेल्या मुलांना हे चटकन जमेल. ज्याला हे येत नाही, तो भावही चुकीचा वाचील आणि मापही.

पालकहो, आता तुम्हीच पाहा. मिलिमीटर, गुणाकार, कोन, व्होल्ट हे सारे कोठे शिकवतात? आठवी, नववी, दहावीच्या वर्गातच ना? तरीही "हाताला काम आहे, आता शाळा कशाला?" असे म्हणून आपण मुलाला मधूनच काढून घेतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद होते आणि नोकरीसाठी आखाती देशांत जाताना त्याला सरकारच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी त्याच्याच संरक्षणासाठी आहे, ती टाळून कोणा दलालाच्या शब्दावर भलत्याच व्हिसावर पाठवू नका. मात्र दहावी झालेल्याला ही अट नाही, आणि करार तो स्वतः वाचू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, परदेशी जा, जरूर जा. हुनर हा कोणत्याही पदवीइतकाच मानाचा आहे. पण निघताना पेटीत पटाशीबरोबर मीटर टेप ठेवा, आणि टेपवरचा प्रत्येक आकडा वाचता येईल एवढी शाळा पुरी करा. हत्यार हरवले तर बाजारात दुसरे मिळते. अर्धवट सोडलेली शाळा तेथल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही.