भाकर, गोळी आणि मी

(आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला आहारावर बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही, कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. ते म्हणाले, "तुम्ही हनुमान मंदिरासमोर पडले होते ना, तेच सांगा." तर तेच सांगतो. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे प्लॉट पाडले तेव्हा रस्ता नव्हता, पावसाळ्यात काळ्या मातीतून चप्पल हातात घेऊन यावं लागे. पण कोजागिरीला दुधाची कढई पुसून निघायची. आता अर्धी उरते. कारण आपल्यात पक्ष पडले. एक पक्ष दोनदा जेवणाऱ्यांचा. दुसरा थोडंथोडं चारपाचदा खाणाऱ्यांचा. तिसरा भात-पोळी सोडलेल्यांचा, तो फक्त पनीर आणि अंडी यांच्याकडे बघतो. निवडणुकीत नसेल इतका वाद सकाळी फिरताना होतो.

यातलं कोण काय म्हणतं ते मी नंतर नीट वाचलं. आधी वाचायला हवं होतं. दोनदा जेवण्याचा विचार मुळात आपल्या विदर्भातला, नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. ते 2004 साली अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघरी पोचवला. म्हणणं असं की, आपण खातो तेव्हा शरीरात इन्सुलिन पाझरतं, म्हणून कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवण उरका आणि रोज 45 मिनिटं चाला. त्यांचा मुख्य भर किती वेळा खाता यावर आहे. याउलट ऋजुता दिवेकर सांगतात की फार वेळ उपाशी राहू नका, आपल्या मातीतलं खा, भात-तुपाला भिऊ नका. आणि कर्बोदकं कमी करा हा तिसरा विचार तर जुना आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थांनी ब्रेड, साखर, बटाटे कमी करून वजन घटवलं आणि 1863 साली त्यावर पुस्तिका काढली.

मी काय केलं? तिन्ही एकत्र केले! जेवण दोनदा, त्यातही भाकर बंद, भात बंद. शुगर आठ वर्षांपासून आहे, सकाळी एक गोळी चालू. गोळी तीच ठेवली आणि डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं तर ते नाही म्हणतील, हा माझा हिशोब.

पहिल्या आठवड्यात तीन किलो वजन उतरलं. मी साऱ्या ले-आउटला सांगत फिरलो. त्यात चरबी थोडी, पाणीच जास्त होतं, हे मागाहून कळलं. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्या साठ्याच्या जवळपास तिप्पट पाणी त्याला धरून असतं. साठा संपला की पाणीही जातं. अंगातली ताकद गेल्यासारखं वाटत होतं, पण वजनकाटा खूश होता म्हणून मीही खूश.

घरी मात्र रोज तंटा. सौ. ताटात भाकर वाढायची, मी परत पाठवायचो. "अहो, अर्धी तरी खा, तोंड पहा कसं झालं," असं ती म्हणायची. मी तिला इन्सुलिन समजावून सांगायचो. एकदा तर रागाच्या भरात बोललो की, तुझ्या भाकरीनंच मला शुगर झाली. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला हे म्हटलं. त्यानंतर तिनं वाढणं सोडलं.

अकराव्या दिवशी गोळी घेतली आणि उपाशीपोटी फिरायला निघालो. तिसऱ्या फेरीला घाम सुटला, हात थरथरायला लागले, समोरचा माणूस ओळखू येईना. मंदिरासमोरच्या बाकावर बसलो आणि तिथून खाली. शेजारच्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलीनं आधी विचारलं, "काका, गोळी घेतली होती का?" मला अजून गिळता येतं हे बघितलं आणि तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली. मशीनवर 52 आली. सत्तरच्या खाली गेली की धोका समजायचा.

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते इथल्या प्रत्येक शुगरवाल्यानं लक्षात ठेवावं. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा इतकी खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी तुम्ही जेवला की नाही हे बघत नाही, ती इन्सुलिन बाहेर काढत राहते. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचंही तेच. जेवण बदलायचं तर गोळीचा डोस आधी बदलावा लागतो, तोही डॉक्टरांनी. माझी चूक आहारपद्धतीची नव्हती, मी अर्धंच ऐकलं याची होती.

आता भाकरीबद्दल बोलतो, कारण तो माझा धंदा होता. आपल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारी गावोगाव गेली. सीएसएच-1 हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण 1964 सालचं. त्या भाकरीवर माझ्या आईनं दिवसभर निंदण केलं, कापूस वेचला. तिला शुगर नव्हती. म्हणून काही जण म्हणतात, भाकर खा, काही होत नाही. थांबा जरा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंच असतात. तंतू जास्त असतात हा फायदा, पण भाकर म्हणजे औषध नव्हे. आई तीन भाकरी खाऊन त्या शेतात जिरवायची. मी तीन खाऊन खुर्चीवर बसायचो. पीक बघून खत देतात हे मी तीस वर्षं शेतकऱ्यांना शिकवलं, स्वतःच्या ताटाला लावलं नाही.

आणि कोणता आहार जिंकला म्हणाल, तर अमेरिकेत स्टॅनफर्डला 609 लोकांवर वर्षभर प्रयोग झाला, 2018 साली छापून आला. कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी 5.3 किलो घटलं, कमी कर्बोदकवाल्यांचं 6 किलो. म्हणण्यासारखा फरक नाही. पण दोन्ही गटांत काहींचं खूप घटलं आणि काहींचं चक्क वाढलं! आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली सांगितलं की धान्यातून 45 टक्क्यांहून जास्त ऊर्जा घेऊ नका, डाळी-भाज्या वाढवा. आपल्या ताटात धान्य त्याच्या कितीतरी पुढे जातं, हे घरी जाऊन बघा.

सध्या माझं असं चालू आहे: डॉक्टरांनी गोळी बदलली. दोन वेळा एकेक भाकर, वाटीभर घट्ट वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, जवसाची चटणी. वजन हळू उतरतं आहे. दुपारची डुलकी गेली. भाकर सौ.च वाढते, पण त्यासाठी मला माफी मागावी लागली, तीही सुनेसमोर.

कार्यकारिणीला एक विनंती आहे. मंदिराजवळच्या खोलीत साखरेचा डबा आणि साखर तपासायचं मशीन ठेवा, पट्ट्यांची तारीख सचिवांनी बघावी. किल्ली चौकीदाराकडे असू द्या, अध्यक्षांकडे नको, ते सकाळी आठपर्यंत उठत नाहीत.