एतेकाफला यंदा कोण बसणार?

(बुलढाणा जिल्ह्यातील युवकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)





रमजानचा दुसरा अशरा संपत आला की मोहल्ल्यात विचारणा सुरू होते, यंदा एतेकाफला कोण बसणार? सगळ्यांच्या नजरा एखाद्या निवृत्त चाचांकडे वळतात. एक जण बसला की वस्तीवरची जबाबदारी उतरते, हा मसला आपल्याला तोंडपाठ आहे. चाचांसाठी मस्जिदीत पडदा लागतो, घरोघरून डबे येतात आणि आपण मोकळे होतो. मला या मोकळे होण्याबद्दलच बोलायचे आहे.

तुमच्यातले बरेच जण लोणारला गेले असतील. खाली सरोवराजवळ झाडीत उभे राहिले की पाणी दिसते, बाभळी दिसतात, जुनी मंदिरे दिसतात. आपण उल्कापाताने झालेल्या, जवळपास १.८ किलोमीटर रुंदीच्या विवरात उभे आहोत, हे तिथून ध्यानात येत नाही. ते वर कड्यावर आल्यावर दिसते. पाणी तेच, झाडे तीच, फक्त आपण उभे राहण्याची जागा बदललेली असते.

आपले रोजचे जगणे खालचे आहे. पोलीस भरती, सोयाबीनचा भाव, बहिणीचे लग्न, आणि फोनवर आपल्याविरुद्ध फिरणारी एखादी जळजळीत क्लिप. जे जास्त ओरडते तेच मोठे वाटते. त्या क्लिपवर आपण रात्री दोनपर्यंत जागतो आणि फजर जाते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे बघा. मदिनेत त्यांच्यावर केवढा भार होता! तंटे, तह, लढाया, अनाथांची व्यवस्था. तरी रमजानचे शेवटचे दहा दिवस ते मस्जिदीत बसत, आणि हयातीच्या अखेरच्या वर्षी वीस दिवस बसले. कामे उरकली म्हणून ते बसत नव्हते. आणि घर तोडूनही बसत नव्हते. हजरत आयेशा (रजि.) यांची खोली मस्जिदीला लागून होती, ते मस्जिदीतूनच डोके पुढे करत आणि त्या केस विंचरून देत. हजरत सफिय्या (रजि.) भेटायला आल्या, तेव्हा निघताना ते उठून त्यांच्यासोबत चालत गेले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नींनीही एतेकाफ केला. आपल्याकडे बहिणी घरातच एक कोपरा ठरवून बसतात. (त्या कोपऱ्यातल्या बहिणीला दहा दिवस कोणी चहा मागू नये, एवढे तरी भावांनी सांभाळावे.)

मी बसलो तेव्हा पहिले दोन दिवस नुसता कंटाळा आला. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. हात सारखा खिशाकडे जायचा. तिसऱ्या-चौथ्या रात्री तहज्जुदला सजदा लांबत गेला आणि ज्या गोष्टींनी डोके भरले होते त्यांतल्या अर्ध्या आठवेनात.

माझ्या शेजारी एक शेतकरी होते. त्यांचे वडील वारले होते, आणि सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे लागावीत म्हणून बहिणीला हक्कसोडपत्रावर सहीला बोलवायचे घरात ठरले होते. साडीचोळी करायची, विषय संपला. आपल्या भागात हे इतके सवयीचे आहे की त्यात कोणाला काही वाटत नाही. कुरआनने मुलीचा वाटा, मुलाच्या निम्मा, स्पष्ट ठरवून दिला आहे. हे त्यांना आधीही माहीत होते. पण सत्ताविसाव्या रात्रीनंतर ते मला म्हणाले, "दुआ मागायला हात उचलले की तीच समोर येते." ईदनंतर ते बहिणीला घेऊन तलाठ्याकडे गेले आणि वारस नोंदीत तिचे नाव घालायचा अर्ज दिला. भाऊ अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत.

मला एतेकाफचा अर्थ तिथे कळला. क्लिप लहान झाली आणि बहीण मोठी झाली.

ज्यांची परीक्षा आहे, ज्यांना दुकान बंद ठेवता येत नाही, त्यांनी नफ्ल एतेकाफच्या नियतीने फजरनंतर सूर्य वर येईपर्यंत बसावे, फोन घरी ठेवून. आणि ज्यांना दहा दिवस जमतील त्यांनी इमाम साहेबांना नाव आत्ताच सांगावे. चाचांच्या शेजारी अजून दोन-तीन चादरी सहज मावतात.